डीएनए मायटोकॉन्ड्रियाचा, पण सही कुणाची? यीस्टच्या पेशीतली गोष्ट

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या भागात आपण मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो इथपर्यंत आलो होतो. त्यानंतर एक प्रश्न फिरून फिरून आला. ‘मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात ना? मग मायटोकॉन्ड्रियाचा आजार म्हणजे आईकडूनच आलेला, बरोबर?’

उत्तर आहे: नेहमीच नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर बरेचदा नाहीच. पण का नाही, हे नीट कळायला आपल्याला आधी एका अगदी साध्या जिवाकडे जावं लागेल. यीस्ट. तेच, ज्याने पाव फुगतो. गोव्यात पोदेर पिठात माडाची सूर घालायचे, त्या सुरेतसुद्धा यीस्टच असायचं.

नेहमीप्रमाणे आधीच सांगते, मी सॉफ्टवेअरवाली आहे, जीवशास्त्रवाली नाही. त्यामुळे जिथे शक्य आहे तिथे साध्या शब्दांत बोलू, आणि जिथे शास्त्रातला शब्द लागेल तिथे त्याचा अर्थ आधी सांगू.

दोन डीएनए, एक कारखाना

बेकरीच्या यीस्टमध्ये डीएनए दोन ठिकाणी असतो. मुख्य साठा केंद्रकात: १६ गुणसूत्रं, सुमारे १.२ कोटी अक्षरं, साधारण ६००० जनुकं. हा सगळा मजकूर १९९६ मध्ये वाचून पूर्ण झाला. केंद्रक असलेल्या जिवांमध्ये पूर्ण वाचला गेलेला हा पहिला जीव.

दुसरा छोटा साठा मायटोकॉन्ड्रियात. फक्त ७५ ते ८५ हजार अक्षरं. त्यातून प्रथिनं बनतात ती मुख्यतः आठ. तीन सायटोक्रोम ऑक्सिडेजचे भाग, एक सायटोक्रोम बी, तीन एटीपी बनवणाऱ्या यंत्राचे भाग आणि एक रायबोसोमचा भाग. बाकी काही आरएनए.

आता मायटोकॉन्ड्रियात एकूण प्रथिनं किती लागतात? हजाराच्या आसपास. म्हणजे आठ घरची आणि उरलेली सगळी बाहेरून. ती केंद्रकाच्या सूचनेनुसार बाहेर बनतात आणि मग मायटोकॉन्ड्रियात आत ओढली जातात.

इथे कुणालाही वाटेल की ठीक आहे, निदान ती आठ तरी मायटोकॉन्ड्रियाच्या हातात असतील. जनुक त्याचं, रायबोसोम त्याच्या आत, मग प्रथिन कधी आणि किती बनवायचं हेही तोच ठरवत असेल.

तर, तसं नाहीये. आजचा सगळा भाग यावरच आहे.

पॅरिसमधल्या बुटक्या वसाहती

गोष्ट सुरू होते १९४० च्या दशकाच्या शेवटी, पॅरिसमध्ये. बोरिस एफ्रुसी नावाचा शास्त्रज्ञ यीस्ट वाढवत होता. ताटलीवर एका पेशीपासून एक गोल ठिपका वाढतो, त्याला वसाहत म्हणतात. शंभरातली एखादी वसाहत बुटकी राहायची. फ्रेंचमध्ये बुटक्याला ‘पेतीत’, म्हणून या यीस्टचं नाव पेतीत पडलं.

बुटकी का? यीस्टला साखर दिली की ते आधी तिचं अल्कोहोल करतं. साखर संपली की ऑक्सिजन वापरून तेच अल्कोहोल जाळतं आणि आणखी वाढतं. पेतीतला ही दुसरी पायरी जमत नाही, कारण त्याचं श्वसन बंद असतं. साखर संपली की वाढ थांबली. आणि साखरेऐवजी नुसतं ग्लिसरॉल दिलं तर ते वाढतच नाही, कारण ग्लिसरॉल वापरायला श्वसन लागतंच.

१९४९ मध्ये एफ्रुसीच्या गटाने दाखवलं की ॲक्रिफ्लेविन नावाचा रंग घातला तर जवळजवळ सगळीच यीस्ट पेतीत होते. केंद्रकातलं एखादं जनुक इतक्या पेशींमध्ये एकाच वेळी बिघडणं शक्य नाही. म्हणजे केंद्रकाबाहेर असं काहीतरी आहे जे वारशाने जातं आणि या रंगाने नष्ट होतं. तेव्हा मायटोकॉन्ड्रियात डीएनए असतो हे कुणाला माहीतच नव्हतं! १९६३ मध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास यांना कोंबडीच्या भ्रूणाच्या मायटोकॉन्ड्रियात डीएनएचे धागे दिसले, आणि १९६४ मध्ये गॉटफ्रिड शाट्झ आणि त्याच्या व्हिएन्नातल्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात डीएनए असल्याचं रासायनिक पद्धतीने दाखवलं.

आता खरी गंमत. पेतीत दोन जातीचे निघाले.

यीस्टमध्ये दोन पेशींचा संकर करता येतो. त्यातून तयार झालेल्या पेशीला उपाशी ठेवलं की तिच्या पोटात चार बीजाणू तयार होतात, जणू चार मुलं. रंगाने बनवलेल्या पेतीतचा धडधाकट यीस्टशी संकर केला तर चारही मुलं धडधाकट. कारण धडधाकट जोडीदाराकडून चांगला मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळाला आणि तो चौघांत वाटला गेला.

पण काही पेतीत वेगळे वागले. त्यांच्या संकरातून दोन मुलं धडधाकट, दोन पेतीत. दोनास दोन, दरवेळी. हे मेंडेलचं गणित, म्हणजे बिघाड केंद्रकातल्या जनुकात.

इथे जरा थांबून विचार करा. या दुसऱ्या प्रकारात चारही मुलांना मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकाच साठ्यातून मिळालाय. तो शाबूत आहे. तरीही दोघांचं श्वसन बंद. डीएनए आहे, पण काम होत नाही.

याचा आणखी एक पुरावा मला फार आवडतो. रंगवाला पेतीत आणि केंद्रकवाला पेतीत यांचाच संकर करा. दोघेही आजारी. जोडी जमली की संसार व्यवस्थित! कारण एकाने शाबूत केंद्रक आणलं, दुसऱ्याने शाबूत मायटोकॉन्ड्रियल डीएनए. श्वसनाला दोन्ही लागतात.

केंद्रकातल्या या जनुकांना ‘पेट’ जनुकं म्हणतात. अलेक्झांडर झागोलॉफने कोलंबिया विद्यापीठात अशा बिघडलेल्या यीस्टचा मोठा संग्रह केला. १९९० मध्ये त्याने आणि कॅरोल डीकमनने तो मांडला, तेव्हा त्यात २१५ वेगवेगळे गट होते. आठ प्रथिनांच्या छोट्याशा डीएनएमागे केंद्रकाची शेकडो जनुकं राबतायत.

पण राबतायत म्हणजे काय करतायत?

काही कामं सर्वसाधारण आहेत. डीएनएची आरएनए प्रत काढणारं यंत्र केंद्रकातून येतं. त्याचं नाव आरपीओ ४१. १९८७ मध्ये त्याचं जनुक वाचलं तेव्हा कळलं की ते जिवाणूंना मारणाऱ्या टी ७ सारख्या विषाणूंच्या यंत्राशी मिळतंजुळतं आहे. रायबोसोमचे जवळजवळ सगळे प्रथिन भागही केंद्रकातून येतात.

मग पुरवठ्याचा मुख्य नळ. साखर भरपूर असली की यीस्ट श्वसनाची तयारी कमी ठेवतं. साखर संपली की केंद्रकात हॅप ४ नावाचं प्रथिन वाढतं, ते हॅप २, ३ आणि ५ यांच्याबरोबर मिळून श्वसनाची केंद्रकातली जनुकं जोरात चालू करतं.

इथपर्यंत कुणालाही पटेल. मोठी कंपनी शाखेला वीज देते, माल देते, माणसं देते. पण यीस्टमध्ये याच्या पुढची एक गोष्ट आहे आणि ती मला पहिल्यांदा वाचली तेव्हा खरीच वाटली नव्हती.

प्रत्येक फाईलला वेगळी सही

सरकारी कार्यालयात फाईल तयार असते, टेबलावर असते, सगळी कागदपत्रं जोडलेली असतात. पण साहेबांची सही नाही तोवर ती पुढे सरकत नाही. मायटोकॉन्ड्रियात नेमकं हेच होतं.

कॉक्स ३ हे मायटोकॉन्ड्रियातलं जनुक घ्या. सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या तिसऱ्या भागाची कृती त्यात आहे. त्याची एमआरएनए प्रत निघते, रायबोसोम शेजारीच असतात. पण केंद्रकातलं पेट ४९४ हे जनुक बिघडलेलं असेल तर प्रत असूनही प्रथिन बनत नाही. बाकीची सात बनतात, हे एकच अडतं. आणि कॉक्स ३ ला एक सही पुरत नाही, तीन लागतात: पेट ४९४, पेट ५४ आणि पेट १२२. तिन्ही केंद्रकातून येणारी.

कॉक्स २ ला सही पेट १११ ची. कॉक्स १ ला पेट ३०९ आणि एमएसएस ५१ ची. सायटोक्रोम बी ला सीबीएस १ आणि सीबीएस २ ची. शिवाय त्याची प्रत टिकून राहावी म्हणून सीबीपी १ वेगळं. एकाची सही दुसऱ्याच्या फाईलवर चालत नाही.

आता प्रश्न असा की हे साहेब फाईलमध्ये नेमकं काय बघतात? याचं उत्तर कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस फॉक्सच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात शोधलं.

त्यांनी पेट ४९४ बिघडलेलं यीस्ट घेतलं आणि त्यातून आपोआप बऱ्या झालेल्या पेशी शोधल्या. पेट ४९४ अजूनही बिघडलेलंच, तरी श्वसन चालू! तपासलं तर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत तुटून जोडणी झाली होती. एमआरएनएच्या सुरुवातीला, प्रथिनाची कृती सुरू व्हायच्या आधी, एक मोकळा पट्टा असतो. कॉक्स ३ मध्ये तो सुमारे ६०० अक्षरांचा. बऱ्या झालेल्या पेशींत हा पट्टा जाऊन तिथे दुसऱ्या जनुकाचा पट्टा आला होता.

म्हणजे सही मजकुरासाठी नाहीच. ती फाईलच्या कव्हरसाठी आहे. कव्हर बदललं की आतला मजकूर तोच असूनही वेगळ्या साहेबाची सही चालते.

ही सही लागते तरी का? केंद्रकाच्या एमआरएनएच्या टोकाला एक खास टोपी असते, ती रायबोसोमला ‘इथून ये’ असं सांगते. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रतींना ती टोपी नसते. त्यामुळे रायबोसोमला योग्य जागी आणून बसवायला कुणीतरी लागतं. हे साहेब मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याशी जोडलेले असतात, आणि ही प्रथिनं शेवटी त्याच पडद्यात बसायची असतात. म्हणजे सही होते तीही माल जिथे लागणार आहे तिथेच.

सही आहे की नाही, एवढंच नाही. किती आहे तेही

आता पुढचा प्रयोग. इथे माझ्यातली इंजिनिअर खूश होते, कारण हे अगदी टेस्ट कोड लिहिल्यासारखं आहे.

आर्ग ८ नावाचं जनुक केंद्रकात असतं. त्याचं प्रथिन आर्जिनिन हे अमायनो आम्ल बनवायला लागतं आणि ते काम करतं मायटोकॉन्ड्रियात. फॉक्सच्या गटाने हे जनुक उचलून थेट मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत, कॉक्स ३ च्या जागी बसवलं. नुसतं उचलून चालत नाही, कारण यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाची लिपी थोडी वेगळी आहे. केंद्रकाच्या भाषेत ‘यूजीए’ म्हणजे पूर्णविराम, इथे त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन. ‘सीयू’ने सुरू होणारे चार शब्द तिकडे ल्युसिन, इकडे थ्रिओनिन. म्हणून सगळं जनुक मायटोकॉन्ड्रियाच्या लिपीत नव्याने लिहून काढलं. मायटोकॉन्ड्रियात डीएनए घालायचा म्हणजे टंगस्टनच्या बारीक कणांना डीएनए लावून तो पेशींवर बंदुकीसारखा मारायचा. ही पद्धत यीस्टमध्ये १९८८ मध्ये जमली होती.

आता यीस्टला आर्जिनिन न देता वाढवा. वाढलं तर समजायचं कॉक्स ३ च्या फाईलवर सही झाली. १९९६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की आतला मजकूर पूर्ण परका असूनही कव्हर कॉक्स ३ चं असल्यामुळे कॉक्स ३ च्याच सह्या लागतात. आणि किती प्रथिन बनणार याची मर्यादा सही करणारी प्रथिनं किती आहेत यावर ठरते.

म्हणजे केंद्रकाकडे नुसतं चालू-बंद बटण नाही. पंख्याचा रेग्युलेटर आहे.

एवढा व्याप कशासाठी?

मला सगळ्यात आधी हाच प्रश्न पडला. आठ प्रथिनांसाठी इतके साहेब? आमच्याकडे कुणी असं सिस्टिम डिझाइन आणलं तर रिव्ह्यूमध्ये उभं राहू देणार नाहीत.

कारण आहे जोडणीत. सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एक यंत्र आहे. त्याचे तीन मुख्य भाग मायटोकॉन्ड्रियात बनतात, बाकीचे केंद्रकाच्या सूचनेनुसार बाहेर बनून आत येतात. एका बाजूचा माल जास्त झाला तर तो नुसता पडून राहत नाही. हीम आणि तांबं धरून बसलेला अर्धवट भाग पेशीत अपायकारक ऑक्सिजन रेणू तयार करू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशोब जुळावा लागतो.

हा हिशोब कसा जुळतो ते एमएसएस ५१ मध्ये दिसतं. २००३ आणि २००४ मध्ये फॉक्स आणि झागोलॉफ यांच्या गटांनी वेगवेगळं हे दाखवलं. एमएसएस ५१ कॉक्स १ च्या फाईलवर सही करतं. प्रथिन बनलं की स्वतःच त्या नव्या प्रथिनाला चिकटून बसतं. यंत्राची जोडणी पुढे सरकली की ते मोकळं होतं आणि पुढची सही करायला जातं. जोडणी अडली तर साहेब आधीच्याच मालाजवळ अडकलेले, त्यामुळे नवी सही नाही, नवा माल नाही. आमच्या क्षेत्रात याला बॅकप्रेशर म्हणतात. पुढे गर्दी झाली की मागचा पुरवठा आपोआप मंदावतो, कुणी वरून आदेश न देता.

आणि वेळेचं काय? २०१६ मध्ये हार्वर्डमधल्या स्टर्लिंग चर्चमनच्या गटाने यीस्टला साखरेवरून ग्लिसरॉलवर टाकलं आणि दोन्हीकडचे रायबोसोम काय वाचतायत ते एकाच वेळी पाहिलं. एमआरएनएच्या संख्येत ताळमेळ नव्हता. पण प्रत्यक्ष प्रथिन बनवण्याचं काम दोन्हीकडे बरोबरीने वरखाली होत होतं. बाहेरचं काम रोखलं की आतला ताल बिघडायचा, पण आतलं रोखल्याने बाहेरचा बिघडला नाही. ताल बाहेरून दिला जातो.

आता माणसांकडे येऊ

माणसाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणखी लहान. १६,५६९ अक्षरं, १३ प्रथिनं. तो आईकडूनच येतो, हे खरं. आपल्यात यीस्टसारखी सह्यांची पूर्ण व्यवस्था जशीच्या तशी नाही, पण तत्त्व तेच. ती १३ प्रथिनं बनण्यासाठी केंद्रकातली जनुकं लागतात, आणि केंद्रकातल्या जनुकांची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात साग्ने-लाक-सें-जाँ नावाचा भाग आहे. तिथे ली सिंड्रोमचा एक प्रकार जास्त आढळतो. लहान मुलांचा मेंदू आणि यकृत यांत सायटोक्रोम ऑक्सिडेज कमी पडतं, आणि बरीच मुलं लहानपणीच जातात. २००३ मध्ये कारण सापडलं: एलआरपीपीआरसी नावाचं जनुक. ते केंद्रकात आहे. आणि यीस्टमधल्या ज्या जनुकाशी त्याचं साम्य दिसलं ते कोणतं? पेट ३०९. कॉक्स १ वर सही करणारं. २००९ मध्ये आणखी एक जनुक मिळालं, टॅको १. तेही केंद्रकातलं, तेही माणसाच्या कॉक्स १ साठीच लागणारं.

अशा आजारात मुलाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए शाबूत असतो. आई-वडील दोघांकडे जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते. दोघेही ठणठणीत. मुलाला दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार. दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक. म्हणजे यीस्टमधल्या त्या दोनास दोनवाल्या पेतीतचं हे माणसातलं भावंड.

हे मी एवढं घोळवून का सांगतेय? कारण रिपोर्टवर ‘मायटोकॉन्ड्रियल’ हा शब्द आला की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे हिच्या माहेरचं.’ त्या एका शब्दावरून हे ठरवता येत नाही. आजार मायटोकॉन्ड्रियाचा आहे, पण बिघाड कुठल्या डीएनएत आहे, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर जनुकीय तपासणीतून मिळतं, सासर-माहेरच्या हिशोबातून नाही. आणि या उत्तरावर पुढच्या बाळाचा धोका किती हे ठरतं, त्यामुळे ते बरोबर असणं महत्त्वाचं. आपल्याकडे काही कुटुंबांत मामाच्या मुलीशी लग्न होतं. तिथे दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. त्यांनी जनुकीय समुपदेशकाशी जरूर बोलावं. यात दोष कुणाचाच नसतो. कुठली प्रत मुलाकडे जाईल हे कुणाच्या हातात नाही.

तर आजच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: मायटोकॉन्ड्रियाचं जनुक कुणाकडून आलं आणि ते कुणाच्या सहीने चालतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आजार दोन्हीकडून येऊ शकतो.

पुढच्या भागात बाहेर बनलेली ती शेकडो प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या दोन-दोन पडद्यांतून आत कशी शिरतात ते बघू. तिथेही दारावर पत्ता तपासणारे बसलेत. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे पाठवा. भेटूया!